शेजारचा परमुलुख

जव्हार संस्थानाचा स्वतःचा शक होता. ५ जून १३४३ रोजी दिल्लीच्या महंमद तुघलकाने इथल्या महादेव कोळी राजाला मान्यता दिली, त्याला ‘निमशहा’ हा किताब मिळाला आणि तेव्हापासून जव्हारच्या दरबाराने आपली वर्षं वेगळी मोजायला सुरुवात केली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर लिहून काढलं, तेव्हाही संस्थानाच्या कागदांवर हा शक घातला जात होता. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा वसूल, असा त्या पहिल्या राज्याचा पसारा त्यात नोंदलेला आहे. पुढे मोगल आले, पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले. मुलुख आक्रसत गेला, पण मुकणे घराण्याची गादी १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकली. सहाशे वर्षं. आदिवासी राजघराण्यांची संस्थानं आपल्या देशात मुळात थोडी, आणि त्यांतलं एक मुंबईपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर होतं.

हे आधीच सांगून टाकायचं कारण असं, की जव्हार-मोखाड्याला जाणाऱ्या बहुतेकांच्या कानावर यातलं काहीही पडलेलं नसतं. पाऊस लागला की मुंबई, ठाणे, नाशिकहून गाड्या निघतात. दाभोसा, काळमांडवी, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, राजवाड्यापुढे फोटो, वाटेत भाजलेलं कणीस आणि रात्री परत घरी. ‘ठाण्याचं महाबळेश्वर’ हे बिरुद या गावाला फार पूर्वी चिकटलं आणि ते अजून सुटलेलं नाही. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे, हवा चांगली आहे, पावसात डोंगर डोळ्यांत मावत नाहीत, हे सगळं खरंच. पण महाबळेश्वर म्हटलं की माणूस थंड हवा खायला जातो. जव्हारला त्याने एखादा वेगळा देश बघायला जावं तसं जावं, असं मला मनापासून वाटतं.

माझी भाची जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक मंडळींसारखी तीही शनिवार आला की डबा बांधून निघते. आज एखादी गढी, पुढच्या आठवड्यात एखादं सरोवर, मग कुठला तरी मठ. निघण्याआधी ती त्या जागेविषयी वाचते, पोचल्यावर फलक अखेरच्या ओळीपर्यंत वाचते, गावातल्या बेकरीत मोडक्यातोडक्या भाषेत का होईना चार शब्द बोलते आणि आपला कचरा पिशवीत घालून परत आणते. परका देश आहे, आपण पाहुणे आहोत, याचं भान तिला सतत असतं. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा म्हणाली, “मावशी, मला आपल्याकडचं असं एखादं ठिकाण दाखव ना, जिथे मला काहीच माहीत नसेल.” मी तिला जव्हारला नेलं. पावसाळ्यात नेलं नाही, मुद्दाम दिवाळीच्या तोंडावर नेलं.

मनोर-विक्रमगडचा रस्ता सोपा आणि सगळ्यांना ठाऊक असलेला. डहाणू-कासाकडून येता येतं, त्र्यंबकहून मोखाड्यात उतरता येतं. मला स्वतःला कसाऱ्याची वाट आवडते. घाटाच्या अलीकडे महामार्ग सोडून डावीकडे वळलं की विहीगाव लागतं, तिथला धबधबा ‘अशोका’ या हिंदी सिनेमाच्या नावानेच आता ओळखला जातो. मग रस्ता वैतरणा ओलांडून खोडाळ्याकडे चढतो. या वाटेने आलं की मुलुखाची ओळख पाण्यापासून होते, राजवाड्यापासून नाही. आणि या भागाची खरी गोष्ट पाण्याचीच आहे.

ऑक्टोबरच्या शेवटाला डोंगरउतारांवर खुरासणी फुललेली असते, पिवळीजर्द. खाली खाचरांत भात पिकून सोन्याच्या रंगाला आलेला, वरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई. खळी सारवून तयार असतात, घराघरात कापणीची लगबग. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरं अजून पाड्यांवर बरीच दिसतात, त्यांच्या शेजारी घरकुल योजनेतली पक्की घरंही. वसुबारसेचा दिवस इथे वाघबारस असतो. रानात गुरं चारणारे गुराखी त्या दिवशी वाघोबाला पुजतात आणि गुराढोरांना सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतात. वाघ या रानांतून गेले, बिबटे अजून आहेत, पण पूजा चुकत नाही. दिवाळीला नव्या काकड्या, चवळी, उकडलेले करांदे. वाटेतल्या एका घरी आम्हाला पानात वाढून करांदे मिळाले. ते नीट उकडले नाहीत तर तोंड कडू करतात, म्हणून घरातल्या आजी जातीने चुलीपाशी बसून होत्या. “ताई, मीठ लावून खा, नुसतं नको,” एवढं त्या म्हणाल्या आणि भाचीच्या पानात आणखी दोन टाकून पुन्हा चुलीकडे वळल्या.

जव्हार गावात शिरल्यावर आधी जुना राजवाडा आणि मग डोंगरावरचा जयविलास, असा क्रम ठेवावा. जुना राजवाडा गावात आहे, बाजारपेठेला लागून, आणि गावाने तो आपल्यात सामावून घेतला आहे. जयविलास गावाबाहेर टेकाडावर, काजूच्या झाडांमध्ये. गुलाबी झाक असलेल्या दगडाची ही पाश्चात्त्य धाटणीची वास्तू शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळात उभी राहिली. खांब, कमानी, वर घुमट. आवारातून दरीचा पल्ला दिसतो तेव्हा लक्षात येतं, की राजाने ही जागा का निवडली असेल. यशवंतराव १९१७ साली जन्मले, दहा वर्षांचे असताना गादीवर आले, आणि संस्थान विलीन झाल्यावर १९६२ साली भिवंडी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. नऊ तोफांच्या सलामीचा राजा ते लोकांच्या मतांवर निवडून आलेला खासदार, हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात झाला. १९७८ साली ते वारले.

“यांचा पहिला राजा कोण, मावशी?” भाचीने तिथल्या पायऱ्यांवर बसून विचारलं. तिथून पुढे आमचा तासभर जयाबामध्ये गेला.

जयाबा मुकणे हा या घराण्याचा मूळ पुरुष. त्याची दंतकथा अशी, की त्याने इथल्या वारली सरदाराकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदाराने हसून हो म्हटलं. जयाबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या जोडून लांबलचक दोर केला आणि त्या दोराने सगळी गढी वेढून घेतली. हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या दिदो राणीचीही सांगतात. ती इथल्या रानात कशी पोचली, कुणी आणली, की राज्य मिळवण्याची ही युक्ती जगात अनेकांना आपापली सुचली, यावर विद्वानांनी विचार केला आहे. मला त्या कथेतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. गॅझेटिअर सांगतं, की जयाबाने जव्हारच्या बदल्यात त्या वारली सरदाराला गंभीरगडाचा मुलुख दिला. गंभीरगड आज डहाणू तालुक्यात आहे. म्हणजे या राज्याची स्थापना कथेतही रक्तपाताने होत नाही, चातुर्याने आणि देवघेवीने होते. सहाशे वर्षं राज्य केलेल्या घराण्याने स्वतःविषयी हीच गोष्ट सांभाळून ठेवली, याला अर्थ आहे.

गावाबाहेर शिरपामाळ आहे. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले होते, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचं स्वागत केलं आणि मानाचा शिरपेच दिला, म्हणून माळाला हे नाव पडलं, अशी परंपरा आहे. त्यानंतर जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर पोचले. माळावर स्मारक आहे, लोक तिथे नमस्कार करतात, फोटो काढतात. पण इतिहास तिथे थांबत नाही. सुमारे साडेआठ वर्षांनी, जून १६७२ मध्ये, महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकलं, त्यांच्या हाती सतरा लाखांचा खजिना लागला, आणि तेच विक्रमशहा परागंदा होऊन मोगलांच्या आश्रयाला गेले. सुरतेची वाट मोकळी आणि आपल्या ताब्यात असावी म्हणून जव्हार आणि पाठोपाठ शेजारचं रामनगर घेणं स्वराज्याला भाग होतं. त्या छोट्या राज्याच्या बाजूने बघितलं, तर एकीकडे मोगल, दुसरीकडे मराठे आणि किनाऱ्यावर पोर्तुगीज अशा तिघांच्या मध्ये त्याला जीव राखायचा होता. शिरपामाळावर उभं राहून दोन्ही सालं एकत्र आठवली पाहिजेत. स्वागताचं साल सगळ्यांच्या तोंडी असतं, जव्हार पडल्याचं साल फार थोड्यांच्या.

गावातून फिरताना आणखी एक साल लक्षात ठेवावं, १९१८. त्या साली जव्हारला नगरपालिका स्थापन झाली. डोंगरातल्या एका छोट्या संस्थानी गावाने पहिलं महायुद्ध चालू असताना स्वतःची नगरपालिका काढली होती.

धबधब्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्याविषयी लिहिलेलं भरपूर आहे. दाभोसा लेंडी नदीवर, तीनशे फुटांच्या आसपास उंचीचा. काळमांडवी आपटाळे गावाजवळ, काळ्या कातळात खोल कापत गेलेला, वरून दिसतो त्यापेक्षा कितीतरी धोक्याचा. २०२० च्या जुलैत काळमांडवीला पाच तरुण बुडाले. ते कुणी परगावचे पर्यटक नव्हते, जव्हारचेच होते. त्यांना इथला पाऊस आणि कातळ लहानपणापासून माहीत होता. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर जायला मनाई करतं, तेव्हा ती मनाई पाळावी. दिवाळीनंतर पाणी कमी झालेलं असतं, शेवाळ वाळतं, आणि धबधब्याच्या मागचा कातळ दिसू लागतो. मला तेव्हाचा दाभोसा जास्त आवडतो. तो कसा घडला ते तेव्हा दिसतं. लाव्हाच्या थरावर थर, मधल्या मऊ थराची झीज होऊन झालेली कपार आणि वरच्या कठीण थराचा पुढे आलेला ओठ.

तोच कातळ इथल्या माणसांच्या नशिबाचंही कारण आहे. जव्हार-मोखाड्यात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो, उतारावर पडतो आणि अभेद्य बसॉल्टवर पडतो. जमिनीत मुरायला वाव फार थोडा. नद्या भरभरून वाहतात आणि पाणी खाली निघून जातं.

खाली कुठे जातं? वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. त्याच डोंगरातून गोदावरी पूर्वेला जाते, वैतरणा पश्चिमेला. मोखाडा तालुक्यातून ती उतरते तेव्हा तिच्या वाटेत मुंबईची धरणं आहेत. वर नाशिक जिल्ह्यात १९७३ चं अप्पर वैतरणा, खाली १९५० च्या दशकात बांधलेलं मोडकसागर, ज्याला अभियंता ना. वि. मोडक यांचं नाव आहे, आणि दोघांच्या मध्ये मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा. मुंबई महानगरपालिकेने बांधलेलं हे धरण २०१२ साली पुरं झालं. उंची १०२ मीटर. त्यातून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. दादर, परळ, अंधेरीच्या घरात सकाळी नळ सोडला की त्यात मोखाड्याच्या पावसाचा वाटा असतो.

वैतरणेच्या पुलावर मी गाडी थांबवायला सांगितली. दोन्ही बाजूंना जलाशयाचं निळं पाणी पसरलेलं. भाची मुंबईत जन्मलेली, पार्ल्यात वाढलेली. तिला सांगितलं, लहानपणी तू ज्या पाण्यावर वाढलीस ते याच खोऱ्यातून खाली येतं. ती बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिली.

मग मी तिला उन्हाळ्याचं सांगितलं. मोखाड्यातल्या एका पाड्याजवळ मी एप्रिलमध्ये बघितलेला झिरा. विहीर आटलेली, तळाशी कातळाच्या भेगेतून पाणी पाझरतं. त्या भेगेपाशी हातभर खड्डा, त्यात ओंजळभर पाणी साठायला बराच वेळ लागतो. एक बाई खाली उतरून उकिडवी बसलेली, हातात स्टीलची वाटी. वाटी कातळाला खरवडत पाण्याखाली सरकवायची, गाळ ढवळू द्यायचा नाही, अर्धी भरली की कळशीत ओतायची. कळशीच्या तोंडावर फडकं. कळशी भरली की ती वर द्यायची, दुसरी खाली घ्यायची. काठावर बायकांची रांग, प्रत्येकीचे दोन-तीन हंडे ओळीत ठेवलेले. त्या ओळीवरून भांडण नव्हतं, कारण क्रम पहाटेच ठरलेला होता. मधल्या वेळेत एक म्हातारी आपल्या नातीच्या केसांतल्या उवा बघत होती. दर उन्हाळ्यात मोखाड्यातल्या गावपाड्यांना टँकर लावावे लागतात. धरणं शेजारी असून.

हे वाचून मुंबईच्या वाचकाने अपराधी वाटून घ्यावं असं माझं म्हणणं नाही. दीड कोटी माणसांच्या शहराला पाणी लागणारच. पण ज्या खोऱ्याचं पाणी आपण पितो त्या खोऱ्यात निदान एकदा उभं राहणं, तिथल्या उंचावरच्या पाड्यांना पाणी चढवण्याची योजना कागदावर आहे की जमिनीवर, हे विचारणं, एवढं तर आपण करू शकतो. प्रश्न पुढेही येणार आहे. जव्हार तालुक्यातल्या पिंजाळ नदीवर धरण आणि दमणगंगेच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्यांनी पिंजाळला आणून मुंबईला देण्याचा प्रकल्प बरीच वर्षं चर्चेत आहे, आणि ज्यांची घरं-जमिनी त्यात जातील त्या गावांचा त्याला विरोध आहे. भूपतगडावर चढलात, तर वरून हीच पिंजाळची दरी दिसते. गडावर खोदलेली पाण्याची टाकी आहेत. डोंगरमाथ्यावर पावसाचं पाणी अडवून वर्षभर पुरवायची विद्या या मुलुखाला शेकडो वर्षांपूर्वी येत होती, हे त्या टाक्यांशी वाकून बघितलं की पटतं.

दिवाळी संपली, भात झोडून घरात आलं, की जव्हार-मोखाड्याची माणसं जगायला जातात. इथे तसंच म्हणतात. भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, काही गुजरातेत. भट्टीवाल्याचा माणूस आधीच येऊन उचल देऊन गेलेला असतो. ती उचल सणात, आजारपणात, लग्नात खर्च होते आणि मग सहा महिने विटा पाडून फेडायची. नवरा-बायको दोघं लागतात, पोरं बरोबर जातात किंवा आश्रमशाळेत राहतात. कातकऱ्यांच्या पाड्यांवर तर दारं ओळीने बंद झालेली दिसतात. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, देशाच्या आधी केला. पण काम मागितल्यावर वेळेत मिळालं आणि पैसे वेळेत हाती पडले तरच माणूस गावात थांबतो. चूल रोज पेटवायला लागते.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. मुख्यमंत्र्यांना यावं लागलं, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, योजना आल्या. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामागेही या डोंगरी तालुक्यांकडे जवळून बघता यावं हा हेतू होता. वावर-वांगणी हे नाव मोठ्या वयाच्या वाचकांना आजही आठवत असेल. मला एवढंच म्हणायचं आहे, की जव्हारची ओळख तेवढ्या एका बातमीत गोठवून ठेवणं हाही अन्यायच आहे. बाएफसारख्या संस्थेने इथे वाडीचा प्रयोग रुजवला. उतारावरच्या पडीक जमिनीत आंबा आणि काजूची कलमं, बांधाला झाडं, मधल्या जागेत भाजीपाला. ज्याची वाडी धरली, त्याच्या घराचं दार दिवाळीनंतर बंद होत नाही. जव्हार-विक्रमगडच्या बाजूला मोगऱ्याची शेती वाढली. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात येतात. दादरला गजरा घेताना तो कुठून आला हे आपण विचारत नाही, पण तोही याच मुलुखातून आलेला असू शकतो.

आणि मग तारपा. तो ऐकल्याशिवाय इथून परतू नये. नव्या भाताच्या दिवसांत तो वाजतो, म्हणून दिवाळीच्या सुमाराला यावं. तारप्याला एका बाजूला वाळवलेला दुधी, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा मोठा कर्णा, आणि सांधे मधमाश्यांच्या मेणाने बंद केलेले. वाजवणारा श्वास तोडत नाही. गाल फुगलेले, नाकाने हवा आत घेत तोंडाने सोडत राहायची. मी अगदी जवळ बसून बघितलं तेव्हा त्याची बोटं नळ्यांच्या भोकांवर क्वचितच पूर्ण उचलली जात होती, नुसती सरकत होती, आणि त्या सरकण्यावर समोरच्या नाचणाऱ्यांचं पाऊल बदलत होतं. नाचणारे तारपेवाल्याभोवती वेटोळं करतात आणि त्याला पाठ दाखवत नाहीत. वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे तारपावादक आपल्या वाद्यासह राष्ट्रीय सन्मानापर्यंत पोचले. तारपा ते स्वतः घडवतात. दुधी निवडण्यापासून मेण लावण्यापर्यंत सगळं हातांनी. संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला तेव्हा जव्हारच्या बाहेर पुष्कळांना पहिल्यांदा वाळवंड्याचं नाव कळलं.

भाचीने विचारलं, “हे शिकवणारी शाळा आहे का कुठे?” शाळा नाही. मुलगा बापाच्या शेजारी बसतो. आता मोबाइलच्या आवाजात तो किती वेळ बसेल याची तारपेवाल्यांनाच काळजी आहे, आणि ती खरी आहे. म्हणून सांगते, तारपा ऐकायचा तर गावात, विचारून, योग्य ते मानधन देऊन ऐकावा. हॉटेलच्या हिरवळीवर जेवणाऱ्यांसमोर तारपेवाल्याला उभं करणं मला पटत नाही. त्याच्याभोवती फिरणारं वेटोळं तिथे नसतं, आणि वेटोळ्याशिवाय तो सूर अर्धा राहतो.

जव्हार तालुक्यात रामखिंड नावाचं गाव आहे. तिथे मुखवटे करणारी घरं आहेत. पूर्वी लाकडाचे, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. रंग भडक आणि ठाम, डोळे मोठे, मिशा काळ्याभोर. रावण, नरसिंह, खंडेराव, त्राटिका, गणपती, मारुती. हे मुखवटे दिवाणखान्यात टांगायला विकले जातात तेवढ्यासाठी केलेले नाहीत, त्यांचं काम बोहाड्यात, म्हणजे इथल्या सोंगांच्या उत्सवात आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत मोखाडा, जव्हारच्या गावांत वेगवेगळ्या तिथींना बोहाडा होतो. मोखाड्याचा सगळ्यांत नावाजलेला. रात्री संबळ आणि पिपाणी सुरू होते, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग निघतं, आधी गणपती, सरस्वती, मग रामायण-महाभारतातली आणि गावच्या देवांची. कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे घराण्यांत ठरलेलं असतं. एका घराचा भीम, दुसऱ्या घराचा नरसिंह, आणि बापानंतर तो मुलाकडे येतो. शेवटच्या पहाटे देवी आणि महिषासुराची झुंज. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर, गावातले इतर समाजही त्यात आपापल्या मानाने उभे राहतात.

भट्टीवर गेलेली माणसं बोहाड्याला परत येतात. ज्याच्या घरात सोंग आहे त्याला तर यावंच लागतं. भट्टीवरची उचल फिटायची असली तरी दोन-चार दिवस मागून तो येतो, कारण त्याचा नरसिंह दुसरं कुणी नाचवणार नाही.

भाचीने आता पुढच्या वर्षी चैत्रात यायचं ठरवलं आहे. तिने तारीख विचारली, पण बोहाड्याच्या तारखा कुठे छापून येत नाहीत. त्या गावाने बसून ठरवायच्या असतात. मोखाड्याच्या बाजारात, जव्हारच्या एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडे, देवळाच्या पुजाऱ्याकडे विचारलं की कळतात. सोंगं रात्र चढल्यावर निघतात आणि उजाडेपर्यंत चालतात, त्यामुळे सकाळी निघून रात्री घरी पोचण्याच्या हिशेबात बोहाडा बसत नाही. जव्हारला राहायची सोय होते. अंगावर घ्यायला चादर न्यावी, कारण वैशाखातही पहाटे या उंचीवर गार वारा सुटतो. आणि जमिनीवर बसायची तयारी ठेवावी, पुढची जागा सोडून, कारण पुढे गावातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं बसतात.